वेणूची भेग



गेल्या गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जन्मगावी काल्याचे कीर्तन करण्याचा योग आला. गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, गोदेच्या काठी. काल्याचे कीर्तन आम्ही चाळीस वर्षे करीत आलो आहोत. पाठ ठरलेला असतो. पेंद्याचे बोबडे बोलणे, सवंगड्यांच्या शिदोऱ्या, वेणूचा महिमा आणि शेवटी दहीहंडी. टाळकऱ्यांनाही ठाऊक असते की महाराज आता कोठे थांबणार, कोठे हसविणार. पण या खेपेस वेणूपाशी आलो आणि पुढे जाता येईना. मृदंगवाल्याने दोनदा ठेका धरला, दोनदा सोडला. असे का झाले हे सांगावयाचे, तर आधी गावच्या बासरीची हकीकत सांगितली पाहिजे.

आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात एक जुनी बासरी आहे. वेळूची नव्हे, लाकडाची. लांबी हातभरास थोडी कमी, रंग तांबूस काळा, एक फुंकीचे भोक आणि सहा बोटांची. ती सागवानी पेटीत जुन्या मुकट्याच्या तुकड्यात गुंडाळलेली असते. कोणी दिली हे सांगता येत नाही. कोणी बैराग्याचे नाव घेतो, कोणी एखाद्या सरदाराचे. अशा वस्तूला सरदार चिकटल्यावाचून गावाचे समाधान होत नाही. अष्टमीला तिला गंधफूल वाहतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात. वाजवीत कोणी नाही, कारण तिला भेग आहे. फुंकीच्या भोकापासून निघालेली ती भेग तिसऱ्या भोकापर्यंत गेली आहे, आणि तिच्यावर लाखेत बुडविलेला रेशमी दोरा घट्ट गुंडाळलेला आहे.

या भेगेची कथा आमच्या पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक. बहात्तरच्या दुष्काळात गोदेचे पात्र वाळवंट झाले, विहिरींना तळ लागला, माणसे खडी फोडून सुकडी खाऊन राहिली. त्या उन्हाळ्यात देवाच्या बासरीलाही तहानेने भेग पडली. देव रुसला, तो वाजवीनासा झाला, अशी ती कथा. म्हाताऱ्या बायका सांगताना डोळ्यांस पदर लावीत. आणि सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही हा दाखला दोन वेळा कीर्तनात दिला आहे. एकदा तर पैठणास, षष्ठीच्या दिवसांत, मोठ्या समुदायापुढे दिला. श्रोते गहिवरले होते.

आता या बासरीचा प्रश्न उभा राहिला तो असा. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब या समर्थ रामदासांच्या जन्मगावी राममंदिरातील मूर्ती चोरीस गेल्या. दोनएक महिन्यांनी पोलिसांनी शोध लावून त्या परत मिळविल्या, देव घरी आले, पण मधल्या काळात जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या देवळाला धास्ती पडली. आमच्या गावी कुलूप बदलले, पेटी गुरवाच्या घरी नेली, तेथून सरपंचांच्या कपाटात, तेथून परत देवळात. अशा वेळी शहरातला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन बासरी पाहून गेला आणि सभामंडपाच्या फरशीइतकी रक्कम बोलून गेला. मंडळींचे दोन तट पडले. एक म्हणे, विकून मंडप बांधा. फुटकी बासरी देवाला काय करायची? दुसरा म्हणे, देवाची वस्तू विकणारा निपुत्रिक होतो. तिसरी एक तरुणांची मंडळी निघाली, ती म्हणाली, पुण्याच्या संग्रहालयाला देऊन टाका, तेथे ती सुरक्षित राहील, गावाचे नावही लागेल. व्यापाऱ्याचा विषय लवकर संपला. शंभर वर्षांवरील कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याखाली येते, तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि परदेशी तर नेताच येत नाही, हे गावातल्या एका मास्तरांनी वाचून दाखविले. तेव्हा तो व्यापारी पुन्हा दिसला नाही. पण संग्रहालयाचा प्रश्न राहिला, आणि तो आमच्यावर सोपविण्यात आला. महाराज शास्त्र शिकलेले आहेत, महाराज म्हणतील तसे करू.

महाराजांनी काय करावे? महाराजांनी पोथी काढली.

पहिली शंका अशी की, लाकडाची बासरी ही खरी बासरी म्हणावी काय? आमच्याकडे बासरी म्हणजे वेळूची. बुरुडाच्या वस्तीतून पेर आणावे, तापलेल्या सळईने भोके पाडावीत, झाली बासरी. संस्कृतात तर वेणू आणि वंश हे दोन्ही शब्द वेळूचेच. म्हणून काही जण म्हणत, ही लाकडी नळी म्हणजे कोणा साहेबाची असेल. तसेही होऊ शकते. विलायतेत बॉक्सवुड, आबनूस अशा लाकडांच्या बासऱ्या शेकडो वर्षे होत आल्या, आणि ब्रिटिशांच्या पलटणी जालन्याच्या छावणीत होत्या हेही खरे. परंतु शास्त्राचे तसे म्हणणे नाही. शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर हा ग्रंथ कोठे झाला? देवगिरीस, सिंघण यादवाच्या दरबारी, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात. आमच्या गावाहून देवगिरी एका दिवसाच्या वाटेवर. हा शार्ङ्गदेव मूळ काश्मिरी घराण्यातला, आजोबा दक्षिणेत आले. स्वतः राजाच्या हिशेबखात्याचा अधिकारी. दिवसा जमाखर्च आणि त्यातून सवड काढून सात अध्यायांचा संगीतावरचा ग्रंथ! त्याच्या सहाव्या, वाद्याध्यायात बासरी कशाची करावी हे सांगताना तो वेळू तर सांगतोच, पण खैर, हस्तिदंत, चंदन, रक्तचंदन, इतकेच काय, लोखंड, कासे, रुपे आणि सोनेसुद्धा सांगतो. फुंकीचे भोक आणि पहिले बोटाचे भोक यांत किती अंगुळे अंतर, त्यावर बासऱ्यांची नावे आहेत. एक अंगुळ अंतर असेल तर एकवीर, दोन असेल तर उमापती, तीन तर त्रिपुरुष, असे वाढत अकरा अंगुळांची रुद्र आणि बारांची आदित्य. आम्ही बोटांनी मोजून पाहिले. आमची सातांची, म्हणजे मुनी निघाली. लाकूड गावच्या सुताराने पाहिले आणि शिसव सांगितली. शिसव त्या यादीत नाही, पण खैर-चंदन चालते तेथे शिसवीने काय पाप केले? लाकडी बासरी शास्त्राला मान्य आहे, एवढे ठरले.

दुसरी शंका अवघड. संग्रहालयात ठेवलेले वाद्य हे वाद्य राहते काय?

या बाबतीत आमचे मत फार पूर्वी ठरलेले होते. आम्ही कीर्तनात म्हणत असू की, संग्रहालय म्हणजे वस्तूंचे स्मशान. आपल्या संप्रदायात सप्ताहाची वीणा पाहा. सात दिवस, रात्रंदिवस, ती जमिनीस टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याला उभा राहणारा वीणेकरी कोणी तानसेन नसतो, तारा सुरात असतात असेही नाही. पण ती माणसाच्या छातीशी असते. आणि तिकडे काचेच्या कपाटात वीणा आडवी पडलेली, खाली चिठ्ठी. हे वाक्य आम्ही हाताच्या खुणेसह म्हणत असू आणि लोक हसत. हशा मिळाला की विचार खरा ठरला असे कीर्तनकाराला वाटू लागते, हा आमच्या धंद्याचा मोठा दोष आहे.

पण निर्णय द्यायचा तर पाहून द्यावा, म्हणून मास्तरांस आणि एका तरुणास बरोबर घेऊन आम्ही पुण्यास गेलो. बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर हे १८९६ साली जन्मले आणि १९९० पर्यंत जगले. घरचा धंदा चष्म्यांचा, आणि अज्ञातवासी या नावाने ते कविताही करीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. मुलाच्या नावाने या बापाने जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, सोंगट्या, वाद्ये. पत्नी कमलाबाई या सोबत. कोथरूडचा मस्तानीचा महालही उचलून आणून त्यांनी आत उभा केला. वीस हजारांच्या घरात वस्तू झाल्या आणि १९७५ साली हे सर्व त्यांनी महाराष्ट्र शासनास देऊन टाकले. संग्रहालयास आपले नाव नव्हे, आधी राजाचे नाव.

हे ऐकले आणि आमचे ते स्मशानाचे वाक्य घशातच राहिले. ज्याला स्मशान ठाऊक होते त्याने हे उभारले होते. बापाने मुलाच्या हातात खेळणी द्यावीत तशा वीस हजार वस्तू त्याने मांडून ठेवल्या आहेत.

वाद्यांच्या दालनात आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलो. अमरकोशात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तारांची, चामड्याची, फुंकीची आणि आघाताची घन वाद्ये. लहानपणी पाठ केलेले हे वर्ग काचेआड डोळ्यांनी पाहताना मौज वाटली. फुंकीच्या वाद्यांपाशी आम्ही तेथे भेटलेल्या एका जाणत्या गृहस्थांस विचारले, “काय हो, ही वाद्ये कधी वाजवून पाहत नाही का? वाद्य वाजविल्याने जिवंत राहते म्हणतात.”

ते म्हणाले, “महाराज, तंतुवाद्याचे एक वेळ निराळे. पण लाकडाची जुनी बासरी असेल तर फुंकू नये. वर्षानुवर्षे पडून ती आत-बाहेर कोरडी झालेली असते. माणसाचा श्वास ऊबदार आणि ओला. तो आत गेला की आतले लाकूड ओल पिऊन फुगते. बाहेरचे तसेच सुके आणि आकसलेले राहते. आतून रेटा आणि बाहेरून आवळ, मग लाकूड फाटते. उन्हाळ्यात तर तेवढ्यात आवाजच येतो.”

“आवाज कसा?”

“काडी मोडल्यासारखा.”

आम्ही तेथल्या बाकावर बसलो. मास्तरांनी पाणी आणून दिले. त्यांना वाटले, दालनात उकडते आहे.

तो आवाज आम्ही ऐकलेला होता.

सन १९७३, वैशाख. आमचे वय बारा. पैठणच्या पाठशाळेतून सुट्टीवर घरी आलो होतो. रूपावली झालेली, अमरकोश अर्धा, आणि अंगात शास्त्र्याचा ताठा पुरेपूर. देवळाच्या पेटीची किल्ली वीणेकरी बाबांकडे असे. ते दुपारी मंडपात घोंगडीवर पडत आणि किल्ली उशाला ठेवीत. सर्व गाव खडीच्या कामावर गेलेला. आम्ही किल्ली घेतली, बासरी काढली आणि गाभाऱ्याच्या मागल्या बाजूस जाऊन, काल्यातला कृष्ण होऊन, पाय मुरडून उभे राहिलो. पहिल्या फुंकीला नुसती हवा. दुसरीला थोडा सूर आला. तो सूर ऐकून अंगावर काटा आला आणि आम्ही गाल फुगवून जीव खाऊन फुंकू लागलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग काडी मोडली. सूर फाटला आणि त्याच्या जागी फुसफुस आली. आम्ही बासरी पुसली, गुंडाळली, पेटीत ठेवली, किल्ली उशाला ठेवली आणि घरी जाऊन रामरक्षा म्हणत बसलो.

अष्टमीला भेग दिसली. किल्ली ज्याच्याकडे, दोष त्याच्याकडे. वीणेकरी बाबांना पंचांनी विचारले. ते म्हणाले, “उन्हाळा फार होता. देवाची इच्छा.” त्यांनी अकरा दिवस एकभुक्त राहून प्रायश्चित्त केले आणि स्वतः दोरा गुंडाळला, लाख लावली. देवाच्या तहानेची कथा त्या ‘देवाच्या इच्छे’तून जन्मली आणि गावाने वाढविली. तिच्यावर शेवटचा कळस आम्ही पैठणास चढविला, हे वर सांगितलेच आहे.

असो. पुण्याहून परतताना गाडीत आम्ही कोणाशी बोललो नाही. त्या तरुणाने आपल्या मोबाइलवर एक गंमत दाखविली, तीही येथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेस नावाचे मोठे ग्रंथालय आहे. डेटन मिलर नावाच्या एका पदार्थविज्ञानाच्या पंडिताने जन्मभर जमविलेल्या सतराशेंहून अधिक बासऱ्या १९४१ साली त्याच्या मृत्युपत्राने तेथे आल्या. त्यांत एक स्फटिकासारख्या काचेची बासरी आहे. पॅरिसच्या क्लोद लोराँ नावाच्या कारागिराने ती १८१३ साली केली आणि ती त्या वेळचे अध्यक्ष मॅडिसन यांना भेट दिली. २०२२ च्या सप्टेंबरात लिझो नावाच्या गायिकेला ती वाजवू दिली, आणि तिने ग्रंथालयात व नंतर सभेत हजारो लोकांपुढे ती वाजविली. तरुण म्हणाला, “बघा महाराज, दोनशे वर्षांची वस्तू वाजवायला देतात की.” आम्ही म्हणालो, “बाळ, ती काच आहे. लाकूड ओलीने फुगते, काच फुगत नाही. म्हणूनच त्या कारागिराने काच निवडली.” काचेला श्वास लागत नाही, म्हणून ती फाटत नाही. लाकडाला श्वास लागतो. मनुष्य कोणत्या जातीचा, हे वाचकांनीच ठरवावे. आम्हास तरी आम्ही लाकडाचे वाटतो.

आता येथे वेणूचा जो नेहमीचा दृष्टांत आहे त्याचा थोडा विचार केला पाहिजे. भागवताच्या दशमस्कंधाच्या एकविसाव्या अध्यायात वेणुगीत आहे. गोपी विचारतात की, या वेणूने असे कोणते पुण्य केले की भगवंताच्या अधरांचा रस त्याला एकट्याला मिळावा? यावर सर्व कीर्तनकार उत्तर देतात, आम्हीही देत आलो, की वेणू आतून पोकळ आहे, त्याच्यात अहंकार नाही, म्हणून देव त्याला जवळ घेतो. उत्तर गोड आहे, पण अर्धे आहे. पोकळ तर पन्हाळीही असते. पोकळ तर आमची ती बासरीही होती. तिचा अहंकार कोणी पाहिला होता? तरी ती श्वासाने फाटली. का? तर पोकळपणाबरोबर कोरडेपणा आला होता. वर्षातून एक दिवस गंधफूल, आणि तीनशे चौसष्ट दिवस पेटी.

लाकडाची नवी बासरी करणारे कारागीर घेणाऱ्याला बजावून सांगतात की, पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटेच वाजव. मग आतून पुसून घे. अधूनमधून तेल दे. थोडी थोडी ओल रोज मिळाली म्हणजे लाकूड ती पचविते आणि मग तासभर वाजविले तरी काही होत नाही. आम्ही हे ऐकले तेव्हा नित्यनेमाचे मर्म, जे चाळीस वर्षे लोकांस सांगितले, ते आम्हास पहिल्यांदा कळल्यासारखे वाटले. हरिपाठ रोज सायंकाळी का? एकदम एकादशीला शंभर वेळा म्हटला तर चालणार नाही का? आमच्याकडे असे पुष्कळ भाविक आहेत. वर्षभर देवळाची पायरी नाही आणि सप्ताहात सात रात्री जागरण, उपवास, रडणे, लोळणे. आठव्या दिवशी घरी जाऊन बायकोवर ओरडतात, भावाशी बांधावरून भांडतात. लोक म्हणतात, ढोंगी आहे. तो ढोंगी नसतो. त्याचे रडणे खरे असते. कोरड्या लाकडात एकाएकी श्वास भरला, लाकूड फाटले, इतकेच. त्या बिचाऱ्याला कोणी रोज दहा मिनिटे फुंकायला शिकविले नाही. आणि शिकवायचे काम कोणाचे होते? सप्ताहात येऊन बिदागी घेऊन जाणाऱ्या आमच्यासारख्यांचे.

संस्कृतात छिद्र या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक भोक, दुसरा दोष. वेणूला सात छिद्रे आहेत आणि ती असूनही, नव्हे ती आहेत म्हणून, देवाला सूर काढता येतो. छिद्रावर बोट ठेवता येते, उचलता येते. पण भेगेवर बोट ठेवता येत नाही. भेग बारीक असते, दोऱ्याखाली झाकलेली असते, आणि सर्व श्वास तेथून निसटतो. वाजविणारा कितीही थोर असो, सूर येत नाही. पन्नास वर्षे आमच्या कीर्तनात काहीतरी निसटते आहे असे आम्हास वाटे. आवाज बरा, पाठांतर बरे, श्रोते पुष्कळ, तरी उतरून घरी आलो की रितेपण. आम्ही ते वयावर, प्रवासावर, लाउडस्पीकरवाल्यावर घालीत होतो.

तर आता त्या काल्याच्या कीर्तनाकडे येऊ. वेणूपर्यंत आलो होतो. बासरी गंधफूल वाहून पुढे चौरंगावर ठेवलेली. पुढच्या रांगेत बसलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा मध्येच उभा राहून म्हणाला, “महाराज, आपल्या विठोबाची बासरी कुठंय?” लोक हसले. कोणी त्याला खाली ओढले. पण प्रश्न बरोबर होता. पंढरीनाथ म्हणजे तोच गोपाळकृष्ण, गाईगोपाळांसह दिंडीरवनात आलेला. विष्णुपदावर गाईंची पावले दाखवितात, मार्गशीर्षात देव तेथे राहावयास जातो असे मानतात, गोपाळपुरास आषाढी पौर्णिमेला काला होतो. पण विटेवर जो उभा आहे त्याचे हात कमरेवर आहेत. डाव्या हातात शंख आहे. बासरी नाही. कोठे ठेवली?

याला एक ठेवणीतले उत्तर आमच्यापाशी होते. देवाने ती भक्ताच्या कंठात ठेवली, असे म्हणून नामगजर सुरू करावयाचा. ते ओठांवर आलेही. समोर चौरंगावर दोरा गुंडाळलेली बासरी होती. आम्ही म्हणालो, “बाळ, पंढरीच्या देवाचे मला सांगता येत नाही. पण या देवळातल्या देवाची बासरी कोणी फोडली ते मला ठाऊक आहे.”

आणि सर्व सांगितले. किल्ली, घोंगडी, गाल फुगविणे, काडीचा आवाज, रामरक्षा, पैठणचे कीर्तन. अलंकार न लावता सांगितले. लावावयास उसंतच नव्हती. मंडपात कोणी काही बोलले नाही. टाळ मांडीवर ठेवलेले. आमच्या मनात आले की, आता काल्याचा प्रसाद आमच्या हातून कोणी घेणार नाही.

तेव्हा बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. वीणेकरी बाबांची सून. वय पंचाहत्तरीच्या पुढे. ती म्हणाली, “महाराज, आमच्या मामंजीला ठावं होतं की.”

“काय ठाऊक होते?”

“तुम्हीच फुकली ते. फुकायच्या भोकाला गूळ लागलेला होता. त्या साली गावात गूळ कुनाच्या घरी होता? खडीवर सुकडी भेटायची, गूळ नव्हता. तुमच्या वडलांला कथेच्या दक्षिनेत ढेप आली होती, तेवढीच. मामंजीनं भोक पुसलं अन् मला म्हनले, कुठं बोलू नको.”

आम्ही विचारले, “मग ते मला का बोलले नाहीत?”

“म्हनले, पोरगं शिकतंय. आपल्या तोंडानं सांगंल. तुमचं पयलं कीर्तन झालं नाही का हितं, तवा पुढंच बसले होते. मला म्हनले, आज सांगंल. मग दर अष्टमीला बसायचे.” ती थोडी थांबली. “लई वाट बघितली त्येंनी.”

वीणेकरी बाबा १९९१ साली वारले. त्या अठरा वर्षांत आमची या गावी काल्याची सात कीर्तने झाली होती. ते पुढे बसत हे आम्हास आठवते. आमची वाणी त्यांना आवडते म्हणून बसतात, अशी आमची समजूत होती.

कीर्तन पुरे करणे भाग होते, ते कसेबसे केले. हंडी फुटली. प्रसाद लोकांनी घेतला. काहींनी नमस्कार न करता घेतला, आणि ते योग्यच होते.

निर्णयाचे म्हणाल तर, आम्ही आपले मत गावास कळविले आहे. दोन वर्षे वाट पाहावी. बासरीची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, लाकडाची आणि भेगेची खरी नोंद लिहून ठेवावी, तिच्यात आमचे नाव घालावे. पेटी भिंतीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावी, पावसाळ्यात उघडून पाहावी, उन्हाळ्यात जपावी, आणि तिला कोणी फुंकू नये. एवढे गावाकडून झाले तर बासरी येथेच राहो. झाले नाही तर पुण्यास द्यावी आणि देताना कोणी रडू नये. ज्याला जपणे जमते त्याच्याकडे वस्तू जाणे यात देवाचा अपमान नाही. स्मशानाचे ते वाक्य आम्ही कीर्तनातून काढून टाकले आहे. पैठणासही पुढच्या षष्ठीला योग आला तर सांगावयाचे आहे. तेथे जड जाईल.

कार्तिकात पुन्हा गावी जाणे झाले. बाबांच्या हातचा दोरा जागोजागी कुजला होता, त्याच्यावर नवा गुंडाळावयाचा होता. म्हातारीने रेशमाची रिळ आणून दिली आणि समोर बसली. आमच्या बोटांना कंप असतो, फेरा सुटे, ती म्हणे, “आवळा अजून.” पहाटेचा काकडा चालला होता. तो प्रश्न विचारणारा मुलगा अंबडच्या बाजारातून आणलेली वेळूची साधी बासरी घेऊन मृदंगाशेजारी बसला होता. मास्तर त्याला रोज थोडा वेळ शिकवितात. काकड्याची चाल तो वाजवी, आणि वरच्या एका सुरावर आला की दर वेळी घसरे, थांबे, भोकावरचे बोट चाचपून पुन्हा तेथूनच धरी.